दिवाळी सेलमध्ये शास्त्रीय संगीताची खरंच चांगली रेकॉर्डिंग्ज स्वस्तात कशी मिळवायची (इंदूरच्या नव्या श्रोत्यांसाठी)

नवरात्र जवळ आलं की मोबाईलवर सेलचे मेसेज सुरू होतात आणि नव्याने गाणं ऐकायला लागलेली मंडळी विचारतात, अमीर खाँसाहेबांची सीडी अर्ध्या किमतीत दिसतेय, घेऊन टाकू का? मी उलट विचारते की राग कुठला, किती मिनिटांचा, कधीचं रेकॉर्डिंग. हे माहीत नसेल तर अर्धी किंमत पण जास्तच झाली, आणि माहीत असेल तर कधी कधी पूर्ण किंमत देऊन पण लगेच उचलावं असं असतं. शास्त्रीय संगीताच्या खरेदीत सूट सगळ्यात शेवटी बघायची. इंदूरमध्ये राहून मी बरीच वर्षं सीडी, कॅसेट, एलपी (मोठ्या लाँग-प्ले तबकड्या) जमवतेय, नवीन माणसाचा गोंधळ नेमका कुठे होतो ते आता चांगलंच कळलंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी हे जवळ असू द्या:

- लिहिलेली यादी (मोबाईलमध्ये चालेल पण वहीत जास्त बरी, दुकानात पटकन उघडते)
- यूपीआय आणि थोडे सुटे पैसे, जुन्या सामानाच्या दुकानात दोन्ही लागतात
- चालू वॉकमन, जादा बॅटरी सेल आणि हेडफोन
- टॉर्च, मऊ सुती कापड, जाड पुठ्ठा घातलेली कापडी पिशवी
- लॅपटॉपला लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह, कारण आजकालच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते
- परदेशी साइटवरून घ्यायचं असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कार्ड

१. सेल सुरू व्हायच्या महिनाभर आधी यादी करा

यादीत नुसतं "भीमसेन जोशी" किंवा "किशोरीताई" लिहून भागत नाही. कलाकार, राग, कुठल्या कंपनीचं, साधारण कुठल्या काळातलं आणि अंदाजे लांबी, इतकं लिहा.

आपण इंदूरचे, तर सुरुवात घरातूनच करू. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४), ज्यांच्या नावाने इंदूर घराणं ओळखलं जातं, त्यांची एचएमव्हीची १९६० ची मारवा आणि दरबारीची एलपी यादीत पहिली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. शांत, संथ, स्वर एकेक करून उलगडत जाणारी गायकी म्हणजे काय हे कळायला याच्याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. त्याच्या खाली ललत आणि मेघची एलपी लिहा.

मग कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व. देवास इथून तासाभराच्या रस्त्यावर. १९४८ साली क्षयाच्या आजारपणामुळे ते तिथे राहायला आले, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडली ती पुढच्या गाण्यात उतरली. हे इथे सांगायचं कारण असं की कुमार गंधर्व या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या काळातली रेकॉर्डिंग्ज विकली जातात, लहानपणीच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) तबकड्यांवरची आणि देवासनंतरची. दोन्ही ऐकावीत, पण तुम्हाला निर्गुणी भजनं हवी असतील आणि हातात बालकुमारांचा संग्रह आला तर त्यात ती मिळणार नाहीत. खरेदी करताना काळ बघा.

किशोरीताईंची (किशोरी आमोणकर) बागेश्री आणि भूपची एलपी (भूपमधलं "सहेला रे" यातलंच), ग्वाल्हेरच्या कृष्णराव शंकर पंडितांचं जे मिळेल ते, बडोद्याच्या दरबारातल्या फैयाज खाँसाहेबांची आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं, एवढी सुरुवातीची यादी पुरे झाली. एकदम पन्नास नावं लिहिलीत तर सेलच्या दिवशी काहीच ठरणार नाही.

२. फुकट मिळतंय ते आधी फुकट ऐका

आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे वर सांगितलेली १९६० ची मारवा-दरबारी २०२१ पासून मोकळी आहे, आणि त्याच्या आधीच्या ७८ च्या तबकड्या तर केव्हाच. अशी भरपूर जुनी रेकॉर्डिंग्ज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. यूट्यूबवर पण आहेत पण तिथे रागाचं नाव चुकलेलं, स्पीड कमी-जास्त झालेला असं बरंच सापडतं, त्यामुळे तिथलं ऐकून स्वर पट्टी ठरवू नका.

आधी ऐकलंत की दोन फायदे. एक, नावडतं विकत घेणार नाही. दुसरा जास्त मोठा, तुम्हाला त्या रेकॉर्डिंगची सुरुवात ओळखू यायला लागते, आणि मग वेगळ्या कव्हरमध्ये तेच गाणं परत विकायला आलं तर दहा सेकंदात कळतं.

३. कव्हरची मागची बाजू वाचायला शिका

पैसे वाचतात ते इथे, कूपनमध्ये नाही.

लांबी बघा. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं, एलपीच्या एका बाजूला वीस ते पंचवीस मिनिटं, आणि सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात. त्यामुळे फैयाज खाँसाहेबांचा ललत तीन मिनिटांचा दिसला तर ते बरोबर आहे, मुळातच तेवढा आहे आणि त्या तीन मिनिटांत केवढा राग उभा केलाय ते ऐकून थक्क व्हाल. पण अमीर खाँसाहेबांचा मारवा आठ मिनिटांचा दिसला तर कुणीतरी कापलाय. सीडीवर तो वीस मिनिटांच्या वर असायला हवा. "गोल्डन", "बेस्ट ऑफ", "रिलॅक्सेशन", "मॉर्निंग रागा" असली नावं असलेल्या संग्रहांत हे कापणं फार चालतं, आलाप सुरू होतो, जरा रंग भरतो आणि आवाज हळूच बारीक करून पुढचं गाणं. असे संग्रह कितीही स्वस्त असले तरी सोडून द्या.

साथीदारांची नावं बघा. तबला कुणाचा, हार्मोनियम किंवा सारंगी कुणाची हे छापलेलं असेल तर कंपनीने काळजी घेतलीये असं समजायचं. नुसता कलाकाराचा फोटो आणि रागाचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने, तर सावध.

एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर नंबर असतो. ईएएलपी आणि ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. मोनो बघून मागे सरू नका. एक गळा, एक तबला, एक तानपुरा यांना मोनोमध्ये काही कमी पडत नाही आणि जुनी कितीतरी उत्तम रेकॉर्डिंग्ज मोनोच आहेत.

लांब, मैफलीसारखं गाणं हवं असेल तर आकाशवाणीच्या संग्रहातून प्रसार भारतीने काढलेल्या सीडी, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसचं जुनं काम, म्युझिक टुडे, नवरस, न्यूयॉर्कची इंडिया आर्काइव्ह म्युझिक आणि सतारवादक निखिल बॅनर्जींच्या मैफली काढणारी रागा रेकॉर्ड्स, ही नावं लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच सीडी आता नव्याने छापल्या जात नाहीत, तेव्हा कुणाच्या जुन्या स्टॉकमध्ये दिसली तर सेलची वाट न बघता घ्या.

४. ऑनलाइन सेल: किंमत आधी टिपून ठेवा

मोठे सेल साधारण दसरा-दिवाळीच्या आधी येतात. यादीतल्या वस्तूंची किंमत महिनाभर आधी बघून वहीत तारीख घालून लिहा. सेलच्या दिवशी छापील किमतीवर रेघ मारून साठ टक्के सूट दाखवतात, पण महिनाभर आधी ती त्याच भावाला मिळत होती का हे फक्त तुमची वही सांगते.

बाकी सापळे असे:

विक्रेता कोण आहे ते उघडून बघा. साइट मोठी असली तरी सीडी बहुतेक वेळा तिसराच कुणी विकत असतो. त्याचे वाईट अभिप्राय आधी वाचा, चांगले नंतर.

फ्री डिलिव्हरीसाठी दीडशे रुपये कमी पडतात म्हणून यादीबाहेरचं काहीतरी टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून एक ऑर्डर करा. आम्ही तसंच करतो, एकाच्या पत्त्यावर मागवायचं आणि मग वाटून घ्यायचं.

एमपीथ्रीची सीडी, पन्नास राग एकात, ही नका घेऊ. फाइल इतकी दाबलेली असते की तानपुरा ऐकूच येत नाही, आणि तानपुरा गेला तर अमीर खाँसाहेबांच्या गाण्यातलं निम्मं गेलं.

परदेशातून मागवताना पाठवणावळ, कस्टम ड्युटी आणि कुरियरवाल्याचा वेगळा चार्ज धरूनच हिशोब करा, तीनशेची सीडी सहज हजाराच्या पुढे जाते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, सील दिसेल असा. सीडीचं प्लास्टिक कव्हर तुटलेलं येणं नेहमीचंच आहे पण आतली चकती निघून घासली गेली असेल तर परत करायला तोच व्हिडिओ कामी येतो.

५. खरा सेल दिवाळीच्या साफसफाईत असतो

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपल्या शहरात रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा भागांतल्या मराठी घरांमध्ये दोन-तीन पिढ्या गाणं ऐकलं गेलंय. आजोबांनी जमवलेल्या कॅसेट, एलपी माळ्यावर पेटीत पडून आहेत, वाजवायला मशीन नाही, आणि दसरा ते धनत्रयोदशीच्या मधे माळा आवरला जातो. काही रद्दीवाल्याकडे जातं, काही सरळ सुक्या कचऱ्यात घालून कचरागाडीत. इंदूर स्वच्छतेत पहिलं आहे त्याचा मला अभिमानच आहे पण त्या गाडीत काय काय गेलं असेल याचा विचार केला की पोटात कालवतं.

म्हणून दसऱ्याच्या आधीच ओळखीच्या घरांत सांगून ठेवा. सरळ, मोकळेपणाने. "काकू, माळा आवरताना आजोबांच्या कॅसेट किंवा तबकड्या निघाल्या तर टाकू नका हं, मला एक फोन करा, मी येऊन बघते." बहुतेक काकू म्हणतात, "अगं घेऊन जा ना, कोण ऐकतंय आता, जागाच अडलीये." पैसे घ्यायला तयार होत नाहीत. तरी मी रिकाम्या हाताने जात नाही, आणि दोन-चार दिवसांनी त्यातलंच एखादं गाणं त्यांना मोबाईलवर पाठवते, फार आनंद होतो.

पेटी उघडल्यावर छापील कॅसेटच्या आधी हाताने लिहिलेल्या कॅसेट बघा! टीडीके, सोनी, मॅक्सेलच्या साठ आणि नव्वद मिनिटांच्या, पाठीवर निळ्या शाईत तारीख, कुणाच्या घरची बैठक, राग, तबल्यावर कोण. घरगुती मैफली, रेडिओवरून उतरवलेले कार्यक्रम, एखाद्या समारोहातली रात्र. हे कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि बऱ्याचदा जगात त्याची दुसरी प्रत नसते. अशा कॅसेटची किंमत करू नका आणि विकूही नका. घरच्यांना स्पष्ट सांगा की मी याची डिजिटल प्रत करते, कॅसेट आणि एक पेन ड्राइव्ह तुम्हाला परत देते, एक प्रत माझ्याकडे ठेवली तर चालेल का? हो म्हणाले तरच ठेवा. कव्हरवरचं हस्ताक्षर आहे त्याचा फोटो काढा, कारण तारीख आणि साथीदार नंतर कुणाला आठवत नाहीत.

प्रत करायला फार काही लागत नाही. चांगल्या टेपच्या लाइन-आउटमधून वायर लॅपटॉपला किंवा छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, आणि फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (यात आवाजाची प्रत घसरत नाही) ठेवायची. आवाज साफ करण्याच्या नादात खरखर काढायला जाल तर तानपुऱ्याची आसही (तारेची लांबत राहणारी गुंज) निघून जाते, म्हणून मूळ फाइल तशीच राहू द्या.

रद्दीवाल्यांशी पण ओळख ठेवा. तुमच्या कॉलनीचा, शिवाय खजुरी बाजारातले जुन्या पुस्तकांचे दुकानदार, त्यांच्याकडे पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर कधी तबकड्या पण येतात. "भिया, कोई पुराना रिकॉर्ड-कैसेट आए तो एक फोन कर देना" एवढं सांगून नंबर द्यायचा. भाव करताना एकेक न करता पूर्ण गठ्ठ्याचा करा. आणि तुम्हाला हव्या त्या वस्तूकडे बघत भाव करू नका, बाकीच्यांबरोबर ती पण उचला.

६. हातात घेऊन तपासायचं कसं

कॅसेट: खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसते का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लागतेच. बुरशीची कॅसेट वॉकमनमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला पण लागेल. टेपच्या मागे छोटी स्पंजची गादी असते, ती पडली असेल तर आवाज दबका येतो, पण ती बदलता येते. दोन्ही बाजू थोड्या थोड्या ऐका. घरी आणल्यावर वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

सीडी: खालची बाजू रुपेरी असली पाहिजे. हिरवट, निळसर किंवा जांभळट असेल तर ती घरी कॉपी केलेली आहे, कव्हर कितीही छान छापलेलं असो. टॉर्चसमोर धरून टाचणीएवढी भोकं दिसतात का बघा. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात, लेबलच्या बाजूचा खोल ओरखडा मात्र वाईट, कारण माहितीचा थर त्या बाजूच्या अगदी जवळ असतो.

एलपी: तिरप्या उजेडात धरा. वाकलीये का ते डोळ्याच्या रेषेत धरून कळतं. ऑनलाइन घेत असाल तर दर्जाच्या नावांना फसू नका: "गुड" म्हणजे चांगली असं कुणालाही वाटेल, पण रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या भाषेत ती खूप वाजवून झिजलेली, खरखरणारी तबकडी असते. आलापाच्या गाण्यासाठी "व्हेरी गुड प्लस"च्या खाली उतरू नका.

७८ ची तबकडी: ही लाखेची असते, पडली की फुटते. उभी धरून न्या. पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य लिक्विड साबण, मऊ कापड, आणि लगेच कोरडी करायची. शिवाय तिला एलपीची सुई चालत नाही, जाड सुई वेगळी लागते, तेव्हा वाजवायची सोय नसेल तर गठ्ठ्याने घेऊ नका. राऊजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तबकड्या नीट जपून ठेवलेल्या कशा दिसतात हे बघायला एकदा जाऊन या.

७. समारोहातले स्टॉल

इंदूरचा अमीर खाँ समारोह, देवासचे कार्यक्रम, डिसेंबरातला ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. अशा ठिकाणी सीडी-पुस्तकांचे स्टॉल लागतात. पहिल्या दिवशी बघून ठेवा, शेवटच्या दिवशी भाव विचारा, माल परत न्यायचा नसतो म्हणून चार सीडी एकदम घेतल्या तर बराच कमी करतात. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या कार्यक्रमांना येणाऱ्या जुन्या श्रोत्यांशी बोला, कुणाकडे काय आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

८. डिजिटल घ्यायचं असेल तर

बँडकँपवर हयात कलाकारांची आणि छोट्या कंपन्यांची रेकॉर्डिंग्ज फ्लॅक फाइलमध्ये विकत मिळतात. वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी ती साइट स्वतःचा वाटा घेत नाही, पैसे जास्तीत जास्त कलाकाराकडे जातात, आणि काही कंपन्या त्याच दिवशी सूट पण देतात. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी दीडला सुरू होऊन शनिवारी दुपारी दीडपर्यंत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आदल्या दिवशीच बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि काम झालं की बंद.

९. सेलमधला सुटकेसवाला प्लेअर नको

दिवाळीत रंगीत बॅगेसारखे रेकॉर्ड प्लेअर फार स्वस्तात येतात, भेट म्हणून पण देतात लोक. त्यातल्या बऱ्याच मॉडेलची सुई तबकडीवर फार जड पडते. चांगल्या साध्या प्लेअरमध्ये ते वजन साधारण दोन ग्रॅमच्या आसपास आणि कमी-जास्त करता येणारं असतं. वजन लिहिलेलं नसेल, बदलता येत नसेल तर घेऊ नका. चांगल्या प्लेअरचं बजेट नसेल तर यंदा सीडीवरच राहा, जुना डीव्हीडी प्लेअर पण उत्तम चालतो.

१०. घरी आणल्यावर

ऑनलाइन आलेली प्रत्येक सीडी परत करायची मुदत संपायच्या आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, नुसती पहिली दोन मिनिटं नाही, कारण अडकते ती बहुतेक शेवटच्या भागात. मग एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात कलाकार, राग आणि वर्ष. एलपी उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या नाही, आणि कॅसेटची पेटी स्पीकरपासून लांब, त्यातल्या लोहचुंबकाने टेपवरचं पुसट होतं. यादीवर त्या नावापुढे कुठून, कितीला आणि कशी निघाली ते लिहा, पुढच्या सेलला ऑर्डर करताना कुठला विक्रेता टाळायचा हे तिथेच सापडेल.